बंद खोलीतल्या लेट्यूसचं गणित

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. प्रश्न नेहमीचाच: खोलीत, मांडण्यांवर, एलईडीखाली लेट्यूस पिकवून पैसे सुटतात का, आणि सुटत नसतील तर काय बदलावं? बहुतेक जण उत्पादनाचा आकडा सांगतात. मी आधी विचारतो, किलोला विजेचे युनिट किती लागले?

झाडाला मिळणारा उजेड मोलांत मोजतात; मायक्रोमोल म्हणजे मोलाचा दहा लाखावा भाग. लेट्यूसला चौरस मीटरला सेकंदाला २०० मायक्रोमोल उजेड रोज १६ तास दिला की दिवसाला साडेअकरा मोल होतात. विजेच्या एका ज्यूलला (ऊर्जेचं माप) २.८ मायक्रोमोल देणारे दिवे त्यासाठी दिवसाला १.१५ युनिट खातात. मीटरला २५ रोपं, लावणीनंतर २१ दिवस, दीडशे ग्रॅमचं रोप धरलं, तर नुसत्या उजेडाचे किलोला साडेसहा युनिट होतात. ही सगळी वीज शेवटी उष्णता होते आणि ती बाहेर काढायला एसीचे आणखी दोनेक युनिट जातात. पंप, पंखे वेगळेच.

यातली मोठी गळती म्हणजे रोपांमधल्या रिकाम्या जागेवर पडणारा उजेड. म्हणून रोपं थेट २० सेंटिमीटरवर लावू नका. पहिले दहा दिवस १० सेंटिमीटरवर, म्हणजे मीटरला शंभर ठेवा, मग उरलेले अकरा दिवस २० वर. एका रोपामागे लागणारी उजेडाखालची जागा तिसऱ्या हिश्शाहून जास्त घटते. हलवायची मजुरी वाढते, पण बहुतेक ठिकाणी ती वाचलेल्या विजेपेक्षा स्वस्त पडते. एलईडीचे ड्रायव्हर, म्हणजे दिव्यांना वीज पुरवणारे डबे, खोलीबाहेर बसवा, तेवढीच उष्णता कमी.

अंधाराचे आठ तास बिलावरचा टीओडी (वेळेनुसार बदलणाऱ्या वीजदरांचा) तक्ता पाहून, महाग तासांत टाका. मात्र दिवे विझले की खोली थंड राहते, एसीचा कॉम्प्रेसर थांबतो आणि आर्द्रता ९० टक्क्यांवर जाते. त्या वेळी वेगळा डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा काढणारं यंत्र) चालूच हवा.

कोवळ्या पानांच्या कडा करपल्या की लोक कॅल्शियम वाढवतात. मुळांना खत-पाणी देणाऱ्या टाकीत ते बहुधा पुरेसं असतं. आतल्या मिटलेल्या पानांतून बाष्प निघत नाही, म्हणून ते तिथवर पोचत नाही. रोपाच्या शेंड्यावर वरून सेकंदाला अर्धा मीटर वेगाची हवा खेळवा, उजेड दिवसाला १७ मोलांखाली ठेवा. टाकीतलं पाणी २२ अंशांपुढे जाऊ देऊ नका. २५ च्या वर पिथियम हा बुरशीसारखा रोगजंतू मुळं कुजवतो.

विक्रीचं एवढंच सांगतो: हिवाळ्यात पॉलिहाऊसच्या फुकट उन्हाशी दरात टिकाव लागत नाही. तुमची ताकद एप्रिल ते सप्टेंबर, जेव्हा बाहेरचं लेट्यूस उन्हाने तुऱ्यावर येतं किंवा पावसात सडतं. त्या महिन्यांतला खात्रीचा पुरवठा दाखवून हॉटेलांशी वर्षभराचा एकच दर ठरवा, आणि तो दर किलोमागच्या युनिटांवरून काढा.