कसारा घाट आणि ९४ चा आकडा

आप्पांची डिझेल गाडी २००८ ची आहे. दीड लिटर, कॉमन रेल, साधा वेस्टगेटवाला टर्बो, म्हणजे इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा आणि तो दाब आटोक्यात ठेवणारी झडप. दिंडोरीच्या शेतापासून नाशिकच्या मार्केटपर्यंत तिची कधी तक्रार नसते. मुंबईहून येताना मात्र कसारा घाट लागला, तिसऱ्या गिअरला पाय दाबला, की अचानक पिकअप जायचा. इंजिनचा पिवळा लाईट लागायचा आणि मग ट्रकच्या मागे रांगत इगतपुरी गाठायची. तिथे किल्ली बंद करून पुन्हा चालू केली की गाडी ठणठणीत, जणू काही झालंच नाही.

नाशिकमध्ये डिझेल गाडीला काहीही झालं की पहिला संशय डिझेल फवारणाऱ्या नोझलवर. साहजिक आहे म्हणा. डिझेलचे पंप-नोझल बनवणाऱ्या मायको कंपनीचं २००८ मध्ये बॉश झालं तरी आपला चौक अजून मायको सर्कलच, आणि घराआड एक माणूस नोझल, पंप, कॅलिब्रेशन यातला जाणकार. त्यामुळे पहिला सल्ला आला, 'नोझल खोलून कॅलिब्रेशन करून घ्या.' दुसऱ्या गॅरेजात स्कॅनर लावला, तर कोड निघाला पी०२३४, म्हणजे टर्बोचा दाब मर्यादेपेक्षा जास्त. लगेच निकाल लागला, 'ताई, टर्बो गेलाय.' तिसऱ्याचं म्हणणं, हा दाब मोजणारा सेन्सर बदलून बघू.

मी सातपूरला एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंटचं काम करते. दिवसभर प्रेशर ट्रान्समीटरशीच गाठ. तिथे कुणी 'प्रेशर जास्त दाखवतंय, ट्रान्समीटर बदलू का?' असं विचारलं तर सिनियर खवळतात. आधी झिरो बघ, म्हणतात. लाईनमध्ये दाब नसताना तो काय दाखवतो ते बघ. गाडीच्या बाबतीत हे कुणी का करत नाही, मला कळत नाही. कोड म्हणजे ईसीयूला, गाडीच्या कॉम्प्युटरला, काय दिसलं त्याची नोंद. त्याला दिसलं ते खरं होतं का, हे कोडमध्ये लिहिलेलं नसतं.

कोड वाचायला मोबाईलला जोडायचं स्वस्तातलं ब्लूटूथ यंत्र या गाडीशी बोलतच नाही. आपल्याकडे ओबीडी-२, म्हणजे स्कॅनरशी बोलायची ठरलेली भाषा, सक्तीचं झालं २०१३ च्या एप्रिलपासून. त्याआधीच्या गाड्यांत कंपनीगणिक वेगळी भाषा. म्हणून गॅरेजवाल्या भाऊंनाच विनंती केली, की एकदा स्कॅनर लावा, किल्ली ऑन करा, सेल्फ मात्र मारू नका.

इंजिन बंद असताना टर्बो फिरत नाही. मग इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळीत, असते ती साधी बाहेरची हवा. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर, म्हणजे इथे हवेचा दाब ९४ किलोपास्कलच्या आसपास. मुंबईत तो १०१ च्या जवळ असतो. या गाडीच्या ईसीयूच्या पेटीतच हवेचा दाब मोजणारा एक वेगळा सेन्सर आहे. स्क्रीनवर दोन ओळी शेजारी शेजारी होत्या. हवेचा दाब ९४, इनटेकचा दाब १०४.

गाडी उभी, इंजिन बंद, आणि एकाच हवेचे दोन आकडे! भाऊ पण जरा थबकले.

दहा किलोपास्कल फार नाहीत. शहरात जाणवतही नाहीत. पण घाटात टर्बो पूर्ण भरात असताना खऱ्या दाबावर असा खोटा दाब चढला, की ईसीयूची मर्यादा ओलांडली जाते. तो बिचारा इंजिन वाचवायला डिझेल तोडतो आणि गाडी लिम्प मोडमध्ये, म्हणजे कमी ताकदीवर, जाते. वेस्टगेटला हातपंपाने हवा देऊन पाहिली. रॉड व्यवस्थित सरकला, हवा धरूनही राहिला. टर्बो निर्दोष.

मग मल्टिमीटर काढला. सेन्सरला पाच व्होल्ट पूर्ण मिळत होते. काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवला आणि लाल प्रोब कपलरच्या, म्हणजे तारांच्या जोडाच्या, मागून टाचणी घालून सेन्सरच्या अर्थच्या (निगेटिव्ह) तारेला लावला. तिथे जवळपास शून्य यायला हवं, काही मिलिव्होल्ट चालतात. आले दीडशेच्या घरात, आणि कपलर जरा हलवला की आकडा नाचायला लागला. अर्थची तारच ०.१५ व्होल्टने वर उचलली गेली, की सिग्नलही वर ढकलला जातो. हिशोब जुळला. हे मोजमाप कपलर लावलेला ठेवूनच करायचं. काढून ओहम मोजले तर तार उत्तम दिसते, कारण बिघडलेला सांधा तेव्हा सर्किटमध्येच नसतो.

कपलर उघडल्यावर अर्थच्या पिनेवर हिरवा थर दिसला. पिन नवीन टाकली, नीट क्रिंप केली, म्हणजे तारेवर दाबून बसवली. सोल्डर नाही, कारण इंजिनच्या थरथरीत सोल्डरच्या कडेला तार तुटते. सेन्सर जुनाच ठेवला. खरं तर नवा सेन्सर लावला असता तर गाडी काही दिवस चांगली चाललीही असती. कपलर काढ-घाल करताना पिन घासली जाते ना! मग पुन्हा तेच, आणि 'सेन्सर डुप्लिकेट निघाला' म्हणून शिव्या दुकानदाराला. आता किल्ली ऑन केली की दोन्ही ओळी ९४ दाखवतात. घाटातही लाईट लागला नाही.

हिरवं आलं कुठून, ते आप्पांना विचारलं.

"इंजिन कशाने धुता?"

"एचटीपीनं. घरचाच पंप आहे."

द्राक्षांवर बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं औषध, मारतो तोच फवारणीचा पंप. टाकीत मोरचूद, गनला प्रचंड प्रेशर, आणि बोनेट उघडं टाकून आप्पा प्रत्येक कपलर निगुतीने धूत होते.

"मग आता गाडी धुवायची नाही का?"

"धुवा आप्पा. पण बोनेट लावून. आणि पंप आधी साध्या पाण्यानं काढून घ्या."

"बोनेट लावल्यावर इंजिन धुतलं जाईल कसं?" आप्पांचं आपलं सरळ गणित.