हौस मित्राची, गुडघे माझे

आधीच सांगून टाकतो, बंदूक मी चालवलेली नाही. मी शिकारीला नुसता सोबत गेलो होतो, तेही पैसे भरून. गाइडच्या रेटकार्डावर याला ऑब्झर्व्हर म्हणतात, म्हणजे डोंगर तेवढाच चढायचा, थंडीत तेवढंच कुडकुडायचं, फक्त गोळी दुसऱ्याने मारायची.

तो दुसरा म्हणजे जाड्या. पुण्यात इंजिनिअरिंगला माझा रूममेट, तेव्हा काडी होता म्हणून जाड्या, ह्यूस्टनला गेल्यावर वीस वर्षांत त्याने नाव सार्थ केलं. तिकडे ऑफिसातल्या लोकांबरोबर हरणाच्या शिकारीला जायची सवय लागली आणि एके रात्री अकरा वाजता फोन, की अरे तुझ्या न्यूझीलंडला हिमालयातलं ताहर मिळतं म्हणे, आपण जाऊया ना. मी म्हटलं, काहीतरी गडबड आहे, हिमालयातलं इथे कुठून येणार. मी क्राइस्टचर्चला सात वर्षं राहतोय आणि मला पत्ता नव्हता.

गडबड काही नव्हती. ताहर म्हणजे रानबोकडच समजा, मानेवर सिंहासारखी आयाळ आणि मागे वळलेली आखूड शिंगं. उत्तराखंडकडे याला थार म्हणतात, नेपाळात झारल. मुन्नारला जाऊन आलेल्यांनी एरविकुलममध्ये जे बघितलंय ते नीलगिरी ताहर, या हिमालयवाल्याचा लांबचा भाऊबंद. तर १९०४ साली इंग्लंडच्या ड्यूक ऑफ बेडफर्डने स्वतःच्या कळपातले काही ताहर न्यूझीलंडला भेट म्हणून पाठवले आणि ते माउंट कुकच्या पायथ्याला हर्मिटेज हॉटेलजवळ सोडून दिले. कशासाठी, तर शिकारीला काहीतरी हवं म्हणून. या देशात मूळचा जमिनीवरचा सस्तन प्राणी म्हणजे फक्त वटवाघूळ. ना वाघ, ना बिबट्या, ना लांडगा, वर हवा हिमालयासारखी, मग काय, वाढतच गेले. आणि इथली झाडं कधी कुणी चरलेलीच नव्हती. टसॉक नावाचं डोंगरी गवत आणि माउंट कुक लिली ते फस्त करायला लागले. म्हणून १९९३ मध्ये सरकारने प्लॅन केला, की रानात जास्तीत जास्त १०,००० ताहर राहतील आणि राष्ट्रीय उद्यानांत शक्यतो एकही नको. तेव्हापासून सरकार हेलिकॉप्टरमधून मारतं आणि शिकारी ओरडतात की जास्त मारले. २०२० मध्ये तर हे भांडण हायकोर्टात गेलं होतं.

आपल्याकडे हाच प्राणी १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या शेड्यूलमध्ये, म्हणजे वाघाच्या पंगतीला. तिथे एक मारला तर तुरुंग, इथे सरकारी जमिनीवर मारायचं परमिट ऑनलाइन फुकट मिळतं आणि वर्षभर कधीही मारा.

हे सगळं मी साताऱ्याला आईला फोनवर सांगितलं ती माझी चूक. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कशाला जातोयस असल्या पापाला?" मी म्हटलं, आई, जत्रेला आपण बोकड कापतोच की. "ते देवाचं असतं. हे हौसेचं." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाहीये. पण तोवर जाड्याने तिकीट काढलं होतं.

आता प्लॅनिंग. माझा समज असा की गाइडला फोन करायचा, तारीख ठरवायची, जायचं. प्रत्यक्षात आठ महिने लागले, आणि त्यातले पहिले दोन नुसते नको त्या गाइडला बाद करण्यात गेले.

सुरुवातीला जाड्याला ताहरसोबत मोठं लाल हरीणही हवं होतं, कारण वेबसाइटवर फोटो बघितलेले, शिंगं म्हणजे अख्खं झाडच. मी सहज ऑफिसातल्या एका कलीगला दाखवलं, त्याचं बालपण मेंढ्यांच्या फार्मवर गेलेलं. तो हसायलाच लागला. म्हणाला हे रानातलं नाही, हे कुंपणाच्या आतलं, पैदास करून वाढवलेलं. आणि कुंपण म्हणजे आपल्या परसातलं नाही, शेकडो एकरांना उंच जाळी, आत गेलं की जंगलच वाटतं. बेकायदा नाही, बरेच लोक आनंदाने जातात, पण जाड्याला ते पटलं नाही आणि मला तर अजिबात नाही. मग आमचा पहिला प्रश्न ठरला, कुंपण आहे का. एका गाइडने याचं उत्तर तीन ईमेलांत दिलं आणि तिन्हींत हो किंवा नाही हे शब्द नव्हते. कटाप.

दुसरा प्रश्न हेलिकॉप्टरचा, आणि यात खरी मेख आहे. हेलिकॉप्टर दोन प्रकारे वापरतात. एक म्हणजे तुम्हाला वर कुठेतरी सोडायचं आणि पुढे तुमचे पाय. दुसरा प्रकार असा, की हेलिकॉप्टरनेच नर शोधायचा, तुम्हाला त्याच्या जवळ उतरवायचं, गोळी मारायची, दुपारच्या जेवणाला हॉटेलवर. यालाही सरकारी परवाना असतो, आणि गुडघे गेलेल्या साठीतल्या माणसाला दुसरा मार्ग नाही हेही मान्य. पण ईमेलमध्ये दोन्हीला नुसतं "हेली हंट" म्हणतात. आम्ही स्पष्ट विचारलं, की शोधायला हेलिकॉप्टर की पोचायला. शेवटी जो गाइड फायनल केला त्याने एका ओळीत उत्तर दिलं: चालायचं, सगळं चालायचं, तुझ्या मित्राचं वजन किती?

मी खरं वजन सांगितलं. जाड्या आठवडाभर बोलला नाही.

महिना जूनच ठरला, कारण मे ते जुलै नर माजावर असतात, हिवाळ्याची आयाळ पूर्ण भरलेली असते आणि एरवी कड्याकपारीत एकटे राहणारे म्हातारे नर माद्यांच्या मागे खाली येतात. तोटा एवढाच की जूनमध्ये इथे दिवस जेमतेम नऊ तासांचा आणि बर्फ.

बंदुकीचं प्रकरण जाड्याने उगाच वाढवलं. त्याला स्वतःचीच रायफल आणायची होती. त्यासाठी अमेरिकेतून निघताना कस्टमचा ४४५७ नंबरचा फॉर्म, नाहीतर परत येताना तुमचीच बंदूक तुमची आहे हे सिद्ध करत बसा. इथल्या पोलिसांकडे परदेशी पाहुण्याच्या लायसन्सचा अर्ज निदान महिनाभर आधी, वर आयात परमिट, विमान कंपनीला आधी कळवायचं, गोळ्या वेगळ्या आणि पाच किलोच्या आत. एवढं सगळं भरत आणल्यावर गाइड सहज म्हणाला, अरे कशाला, लायसन्सवाला माणूस शेजारी उभा राहून लक्ष ठेवणार असेल तर बिनलायसन्सवाल्याने त्याची रायफल चालवलेली इथे कायद्याने चालते, माझीच वापर. जाड्याने दोन दिवस विचार केला आणि रायफल घरीच ठेवली. पण गाइडने एक अट घातली, की घरी तिथल्या नेमबाजीच्या रेंजवर सॅक जमिनीवर ठेवून, तिच्यावर रायफलचा पुढचा भाग टेकवून, आडवं पडून प्रॅक्टिस कर, कारण डोंगरात टेबल नसतं. आणि उतारावर नेम खाली धरावा लागतो, चढ असो की उतार, गोळी नेहमीपेक्षा वरच लागते, कारण गुरुत्वाकर्षण फक्त आडवं अंतर मोजतं. फिजिक्समध्ये केटी लागलेल्या माणसाला हे मी फोनवर अर्धा तास समजावत होतो.

पायांची तयारी मात्र दोघांनाही चुकली नाही. मी शनिवार-रविवार क्राइस्टचर्चलगतच्या पोर्ट हिल्स टेकड्यांवर जायचो, पाठीवर दहा किलो तांदूळ. लहानपणी अजिंक्यताऱ्यावर रोज पळत जायचो या भांडवलावर मी इतकी वर्षं बढाया मारत होतो, ते भांडवल पहिल्याच रविवारी संपलं. ह्यूस्टनला टेकडी नावाची गोष्टच नाही, तर हा पठ्ठ्या ऑफिसच्या पार्किंगच्या जिन्यात पाठीवर सॅक घेऊन सात मजले वरखाली, सिक्युरिटीवाल्याने दोनदा अडवलं. मार्चपर्यंत नऊ किलो उतरलं आणि मला बिनकपड्यांचा फोटो पाठवला, तो मी डिलीट केलाय.

इन्शुरन्सबद्दल एवढंच, की साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत शिकार बहुतेक वेळा वगळलेली असते, बारीक अक्षरं वाचा. अपघात झाला तर इथली एसीसी नावाची सरकारी योजना पाहुण्यांच्याही उपचाराचा खर्च उचलते, पण आजारी पडलात किंवा विमान बदलून घरी जायचं असेल तर ते तुमचं तुम्ही. आणि बूट! बुटाला माती चिकटलेली असेल आणि एअरपोर्टवर डिक्लेअर केलं नाही तर जागेवर ४०० डॉलर दंड. जाड्याने टूथब्रशने बूट घासले होते. एवढे त्याने लग्नात पण घासले नव्हते.

क्राइस्टचर्चहून टेकापो गाडीने तीन तास. तिथून वर एका नदीच्या खोऱ्यात खाजगी स्टेशन, स्टेशन म्हणजे रेल्वेचं नाही, मेंढ्यांचं अवाढव्य रान. पत्र्याची झोपडी, लाकडाची शेगडी, बाहेर उणे सहा.

पाच दिवसांतले दोन झोपडीत गेले. वायव्येचा वारा सुटला की मुख्य रांगेवर धो-धो पाऊस नाहीतर बर्फ, आणि ढग इतके खाली की समोरचा नदीकाठ दिसेना. पत्ते, चहा, पत्ते. उरलेल्यापैकी पहिले दोन दिवस बघण्यात. मला वाटलेलं शिकार म्हणजे चालणं, पण गाइड चार तास एका जागी दुर्बिणीला डोळे लावून बसायचा. मला एक दगडाचा डोंगर दिसायचा, त्याला त्याच डोंगरात अकरा ताहर दिसायचे. मग मोठ्या स्कोपमधून शिंगांवरच्या वर्षांच्या कड्या मोजायचा, झाडाच्या कड्या मोजतात तशा. पाच वर्षांचा? सोडा. सात-आठच्या पुढचाच मारायचा असं त्याचं. तिसऱ्या दुपारी एक म्हातारा, झकास आयाळवाला, बरोबर कड्याच्या तोंडावर उभा होता. गाइड म्हणाला नको, खाली पडला तर तीनशे मीटर जाईल, आपल्याला काही मिळणार नाही आणि आणायला जाणारा मी असेन. जाड्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

शेवटच्या दिवशी मिळाला. पहाटे कपाळावर दिवे लावून निघालो, गोठलेल्या दगडगोट्यांवरून साडेचार तास चढ, दोन पावलं वर एक खाली. घळीच्या पलीकडे २६० मीटरवर तो उभा, वाऱ्याने आयाळ हलत होती. जाड्या सॅकवर आडवा झाला, मी त्याच्या मागे श्वास धरून. एकच आवाज. तो बसला, मग घसरला, मग नुसता गडगडत गेला आणि खालच्या खडकाला अडकला. मला आनंद वगैरे झाला नाही, वाईटही नेमकं वाटलं नाही, पोटात मात्र काहीतरी खाली गेलं.

घळ उतरून पलीकडे चढायला पावणेतीन तास. जवळ गेलो तर वास, माजावरच्या बोकडाचा जो असतो तोच, दसपट. शिंगं सव्वाबारा इंच, कड्या नऊ, डाव्या शिंगाचं टोक गडगडताना उडालेलं. खुरांचा तळ मी हाताने दाबून बघितला, मधे रबरासारखा मऊ आणि कडेला टणक. माझ्या चारशे डॉलरच्या बुटांचा तळ याच्यासमोर काहीच नाही. जाड्या बराच वेळ आयाळीवर हात ठेवून बसला होता, फोटोचं मीच आठवण करून दिलं.

त्या नराचं मांस खाण्यासारखं नसतं, म्हणून गाइडने उतरताना एक तरुण मादी मारली. माद्या कमी करणं हेच तर खरं काम आहे, तो म्हणाला. मी घरून कांदा-लसूण मसाल्याची डबी नेली होती. रात्री शेगडीवर रस्सा केला, भाकरी नव्हती, पाव होता. गाइडने तीन वाट्या प्यायला आणि डोळ्यांतून पाणी येत असताना विचारलं, डबी इथेच ठेवून जाशील का.

उतरताना माझे गुडघे गेले ते गेलेच, अजून जिना उतरताना कठडा धरतो.

शिंगं, म्हणजे उकळून साफ केलेल्या कवटीसकट शिंगं, सध्या माझ्या गॅरेजमध्ये आहेत. अमेरिकेत पाठवायचे कागद अजून जाड्याच्याच इनबॉक्समध्ये पडलेत, आणि भारतात न्यायचा तर विचारही करायचा नाही. परवा आईशी व्हिडिओ कॉलवर बोलताना मागची शिंगं तिला दिसली. चारधामला जाऊन आलीय ती. म्हणाली, "हे आपल्या केदारनाथाकडचं ना रे?" म्हटलं हो, तिकडेही असतात. बघत राहिली थोडा वेळ.

"मग असं उघडं काय ठेवलंयस? कापड तरी टाक त्याच्यावर."

जुना पंचा होता, तो टाकलाय.