फुसक्या बारानंतरचा बार

डिसेंबर २०२४ ची गोष्ट आहे. २३ नोव्हेंबरला विधानसभेचा निकाल लागला, आचारसंहिता उठली आणि पोलीस ठाण्यात जमा असलेल्या लायसन्सच्या बंदुका परत मिळायला लागल्या. दर निवडणुकीनंतर होतं तेच झालं, आमच्या दुकानात सर्व्हिसिंगची लाईन. कोणाची नळी गंजलेली, कोणाचा घोडा जाम, आणि वरून नागपुरात अधिवेशन सुरू म्हणजे व्हरायटी चौकाकडून गाडी काढायची सोय नाही. मी बंदूक दुरुस्ती करतो, वीसेक वर्षं झाली या कामात.

दुपारी भिवापूरकडचे एक काका आले, सोबत पुतण्या. पीक संरक्षणाच्या परवान्यावरची एकनळी १२ बोर. म्हणे, "भाऊ, जरा साफ करून द्या, बार मारला तं कानात अजून सूं सूं होऊन राह्यलं." मी म्हटलं बंदुकीचा बार आहे, वाजणारच ना बाप्पा. नळी काढली, बत्तीकडे धरून आतून पाहिली आणि थांबलो.

आतून चकाचक नळी पाहिली की उजेडाची गोल गोल कडी दिसतात, एकसारखी. इथं मध्येच एक काळी रिंग होती, सावली पडल्यासारखी. बाहेरून बोट फिरवलं तर तिथंच हलकासा उंचवटा. डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागतो. नळी फुगलेली होती. साफ करायला चिंधी घातली तर सोबत न जळलेल्या दारूचे कण निघाले, चिमूटभर.

"काका, किती बार मारले?"

"दोन. पहिला फुसका निघाला ना, म्हणून लगेच दुसरा मारला."

मी गज खाली ठेवला आणि आधी दोघांना खुर्च्यांवर बसवलं.

हळूहळू निघालं सगळं. काकांचा खांदा दुखतो, धक्का सहन होत नाही. डुकरं नुसती हाकलायची, त्याला एवढा जोर कशाला, म्हणून पुतण्याने परदेशी लोकांचे काडतूस भरायचे व्हिडिओ पाहिले आणि कंपनीच्या काडतुसाच्या तोंडाच्या पाकळ्या उघडून थोडी थोडी दारू काढून टाकली, तोंड मेणबत्तीच्या मेणाने बंद केलं. पोरगा बीएस्सी झालेला, बोलायला हुशार. मला म्हणतो, "दारू वाढवली तर डेंजर, कमी केली तर सेफच ना? लॉजिक आहे सर."

लॉजिक आहे, पण ते तेलाच्या दिव्याचं. बिनधुराची दारू तशी जळत नाही. तिला दाब लागतो, दाब वाढला तशी ती भराभर जळते, दाबच तयार झाला नाही तर अर्धी जळते आणि विझते. काडतुसात दारू, वर वॅड (म्हणजे दारू आणि छर्ऱ्यांच्या मधलं बूच), वर छर्रे, वर पाकळ्या घट्ट, हे सगळं एकमेकाला दाबून बसवलेलं असतं. दारू काढली की आत जागा झाली, सगळं ढिलं पडलं, मेणाच्या झाकणाने काय अडणार? काडतुसाच्या बुडाची, ठिणगी देणारी टोपी फुटते, फुस्स होतं आणि वॅड नळीतच अडकून बसतो. कधी छर्रे पण. मग माणूस चिडून दुसरं काडतूस घालतो आणि ते जर जोरात पेटलं तर समोर रस्ता बंद. यांची नळी नुसती फुगली, फाटली असती तर काकांचा डावा हात तिथंच होता, उंचवट्याच्या वीतभर मागे.

काडतूस भरायची जी पुस्तकं असतात त्यात जास्तीत जास्त दारू लिहितात तशी कमीत कमीही लिहितात. काही पावडरींवर तर बनवणारेच सांगतात की दिलेल्या मापातून ३ टक्क्यांपेक्षा जास्त कमी करू नका. मोठ्या रायफलच्या काडतुसात मंद जळणारी पावडर फार कमी घातली आणि रायफलच फुटली, असेही प्रकार नोंदलेले आहेत, त्याच्या कारणावर जाणकार कित्येक वर्षं भांडतात, कारण लॅबमध्ये ते मुद्दाम घडवून आणता येत नाही सहजी. उलटाही धोका आहे, कमी जोराच्या काडतुसाला तेज पावडर चिमूटभरच लागते, काडतूस अर्धं रिकामं, चुकून दोनदा पडली तरी वरून कळत नाही. तिकडचे लोक मोजून, तपासून करतात तरी चुका होतात. इथं तर १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली काडतूस बनवायलाच लायसन्स लागतं, हे मी पोराला सांगितलं तेव्हा पहिल्यांदा त्याचा चेहरा उतरला. (खरं सांगू, नळीचं ऐकून उतरायला पाहिजे होता.)

आणि फुसका बार झाला तर करायचं काय, तर काही नाही. तोंड सुरक्षित बाजूला धरून निदान ३० सेकंद थांबायचं, कारण कधी कधी उशिरा पेटतं. मग बंदूक उघडायची, काडतूस काढायचं, नळीतून आरपार पाहायचं. उजेड दिसला नाही तर विषय संपला, दुकानात आणा.

काका म्हणाले, "ठोकून सरळ नाही होणार का?" नाही होत. धातू ताणला गेलाय. ती नळी मी सरळ करून देणार नव्हतो आणि कोणी देत असेल तर घेऊ नका म्हणून सांगितलं. वडिलांची बंदूक होती त्यांच्या. दस्त्यावरून हात फिरवत बसले बिचारे.

उरलेली काडतुसं ठाण्यात जमा करायची म्हणून टेबलावर मांडायला लावली. पाच निघाली.

"केली किती होतीस?"

"आठ."

दोन मारली, पाच इथं. पोराने खिसे चाचपले, पिशवी उलटी केली. काका हळूच म्हणाले, "पट्ट्यात चांगली काडतुसं आहेत घरी, त्यात तं नाही गेलं?" आणि तो पट्टा शेजारचा मागून नेतो कधीमधी, त्याची पण १२ बोरच. काकूंना फोन लावला, लागेना. दोघं चहा तसाच टाकून उठले, उमरेड रोडला लागले असतील तेव्हा अंधार पडत होता.

रात्री नऊला पोराचा फोन आला. सापडलं म्हणे, पट्ट्यात डावीकडून तिसरं. बाहेरून अगदी बाकीच्यांसारखं, नखाने खरवडलं तेव्हा मेण लागलं.