शिकाऊ डॉक्टरच्या हातात ट्यूब देता तरी कशी?

‘मुलाचा जीव टांगणीला लागलेला असताना तुम्ही शिकाऊ डॉक्टरला पुढे करता, स्वतः का नाही करत?’ पीआयसीयूत, म्हणजे लहान मुलांच्या अतिदक्षता विभागात, काम करणाऱ्या आणि शिकवणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न येतो. पालक विचारतात, कधी दुसऱ्या शाखेचे डॉक्टरही. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

हा शिकाऊ डॉक्टर, आमच्या भाषेत फेलो, काही कालचा पोर नसतो. बालरोगाचं शिक्षण पुरं करून तो इथे आलेला असतो आणि पुतळ्यावर पुष्कळ घोटलेलं असतं. आणि आमची शाखा उभी राहिली तीच मुळात विद्यार्थ्यांच्या हातांवर. १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची साथ आली, तेव्हा भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांच्या पद्धतीने गळ्यात ट्यूब घातलेल्या रुग्णांना वैद्यकीय विद्यार्थ्यांनी रात्रंदिवस पाळ्या लावून, हाताने पिशवी दाबून श्वास दिला.

आता प्रत्यक्ष काय होतं ते पाहा. समजा चार वर्षांचं, १६ किलोचं मूल आहे आणि श्वासनलिकेत ट्यूब घालायची आहे. लॅरिंगोस्कोप, म्हणजे घसा उघडून बघायचं ब्लेडवालं उपकरण, उचलण्याआधी फेलोने सगळं मोठ्याने बोलायचं. वयाला चारने भागा, त्यात साडेतीन मिळवा: कफवाली, म्हणजे टोकाशी फुगा असलेली, ट्यूब साडेचार मिलिमीटरची. शेजारी चारची आणि पाचची काढून ठेवलेली. ओठापाशी खूण मापाच्या तिप्पट, म्हणजे साडेतेरा सेंटिमीटरवर. सक्शन चालू करून बघितलेलं, मास्क-बॅग हाताशी, कॅप्नोग्राफ (बाहेर येणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणारं यंत्र) जोडलेला. औषधांचे डोस सिस्टर वाचून दाखवतात. आणि मला उद्देशून शेवटचं वाक्य: ‘सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) ९२ ला आलं की मी थांबणार, मास्कने श्वास देणार. दुसरा प्रयत्न फसला की तुम्ही.’

हे वाक्य आलं नाही तर ब्लेड मिळत नाही. घशात डोळा लावून वाकलेल्या माणसाला वेळेचं भान राहत नाही. मिनिट उलटलं तरी त्याला दहा सेकंदच वाटतात. लहान मुलाला वजनाच्या मानाने मोठ्यांच्या जवळपास दुप्पट ऑक्सिजन लागतो आणि फुफ्फुसातला साठा थोडा, त्यामुळे आकडा एकदा उतरू लागला की घसरतोच. वर बोटावरचा प्रोब मागे राहतो. मॉनिटरवर ९२ दिसतात तेव्हा आत त्याहून कमी झालेलं असू शकतं. कधी बाजूला व्हायचं हे आधीच ठरलेलं असल्यामुळे ऐन वेळी वाद होत नाही आणि कुणाचा अपमानही होत नाही.

ट्यूब गेली की आनंदाच्या भरात ती आणखी आत ढकलली जाते. मग ती उजव्या फुफ्फुसात शिरते आणि डावी बाजू ऐकू येत नाही. कॅप्नोग्राफ ट्यूब श्वासमार्गात आहे एवढंच सांगतो, किती खोल आहे ते नाही. एक्स-रेच्या वेळी मान सरळ हवी: हनुवटी छातीकडे झुकली तर ट्यूब खाली जाते, मान मागे केली तर वर येते. नंतर अचानक सॅच्युरेशन पडलं तर व्हेंटिलेटरची बटणं फिरवत बसायचं नाही. मशीन काढा, हाताने बॅग द्या. मग ट्यूब सरकली का, तुंबली का, छातीत हवा साठली का, हे बघा. बॅग लागताच सुधारलं तर दोष बहुधा मशीनचा. बॅग घट्ट लागते की सैल, हे हाताला कळतं. ते स्क्रीनवरून शिकवता येत नाही.

औषधांत मला सर्वांत धास्ती दशांश चिन्हाची. हृदय थांबलं तर याच मुलाला अ‍ॅड्रेनलिन ०.१६ मिलिग्रॅम लागतं. एक मिलिग्रॅमच्या अँप्युलचं एक मिलि औषध नऊ मिलि सलाईनमध्ये मिसळलं की डोस होतो १.६ मिलि. न मिसळता तेवढंच ओढलं तर दहापट. म्हणून सिरिंजवर लेबल आधी, औषध नंतर. मिसळणारा एक, तपासणारा दुसरा.

हात मात्र सगळ्यांचेच बसतात. अवघड असतं ते वेळेत ओळखणं. या वयात वरचं बीपी ७८ च्या खाली गेलं की कमी मानतात. पण ८६ आहे म्हणून निर्धास्त राहणारा फेलो मला नको. मुलं बीपी शेवटपर्यंत सांभाळतात. त्याआधी नाडी पळते, पंजे गार पडतात, छातीवर पाच सेकंद दाबून सोडलं तर रंग परतायला तीन सेकंदांहून जास्त लागतात.

बोलस, म्हणजे शिरेतून एकदम सलाईन, द्यायचा ठरला तर दहा मिलि प्रति किलो, म्हणजे १६० मिलि, आणि देण्याआधी यकृताची कड पेनने आखायची. बोलसनंतर ती खाली सरकली किंवा फुफ्फुसात करकर ऐकू आली तर पुढचा बोलस नाही. इथे मी २०११ चा फीस्ट अभ्यास वाचायला लावतेच. युगांडा, केनिया आणि टांझानियातल्या ३१४१ तापाच्या गंभीर मुलांमध्ये, अतिदक्षता विभागाची सोय नसलेल्या ठिकाणी, झटपट बोलस दिलेल्या गटांत मृत्यू जास्त झाले. ‘दिलं की बरं’ ही सवय मोडायला याहून चांगलं औषध मला माहीत नाही.

रात्री एकट्याच्या भरवशावर कुणाला सोडायचं, हे मी त्याने किती ट्यूब घातल्या यावरून ठरवत नाही. तो फोन कधी करतो आणि फोनवर पहिलं वाक्य काय बोलतो, ते ऐकते. ‘मॅडम, मूल गंभीर आहे, मला भीती अमुकची आहे, मी तमुक केलंय, तुम्ही या,’ हे अर्ध्या मिनिटात आलं तर माणूस तयार होतोय. रिपोर्टांपासून सुरुवात केली तर अजून वेळ आहे.

तुम्हाला शंका असेल तर खुशाल विचारा: ट्यूब कोण घालणार, आणि त्याच्या मागे कोण उभं राहणार? दुसरा प्रश्न लोक विचारत नाहीत. उशाशी धावपळ चालू असेल तेव्हा उत्तराला थोडा वेळ लागेल, पण ते मिळायलाच हवं.