रुंद फेंडर, नऊ इंची चाके आणि दाराची फट: माझ्या एफआर-एसच्या कामाची नोंद

माझी सायन एफआर-एस २०१३ सालची आहे, म्हणजे टोयोटाने पुढे ‘८६’ या नावाने विकलेली तीच गाडी. भारतात ती अधिकृतपणे कधी विकली गेली नाही. इथे न्यू जर्सीत मात्र जुनी मिळायला अडचण पडत नाही. गेल्या तीन आठवड्यांच्या सुट्ट्यांत मी तिचे पुढचे दोन्ही फेंडर, म्हणजे आपण सरळ मडगार्ड म्हणतो ते, काढून मूळपेक्षा प्रत्येकी २० मिलिमीटर जास्त रुंद असलेले फायबरचे फेंडर बसवले आणि पुढच्या ७ इंच रुंदीच्या मूळ चाकांच्या जागी ९ इंच रुंदीची चाके चढवली.

मूळ पत्र्याची आतली कड दुमडून एवढी चाके अनेक जण बसवतात, हे मला ठाऊक आहे. पण पुढचे फेंडर बोल्टवर असतात, त्यामुळे ते जसेच्या तसे गुंडाळून माळ्यावर ठेवता येतात आणि उद्या गाडी विकायची झाल्यास परत लावता येतात. कारखान्याचा चांगला पत्रा एकदा ठोकला की ठोकला.

आधी हिशेब सांगतो, कारण चाके मागवण्यापूर्वी तोच चुकतो. मूळ चाक १७ × ७ (इंचांत व्यास आणि रुंदी), ऑफसेट ४८ (चाकाची हबला टेकणारी बाजू रुंदीच्या मध्यापासून किती मिलिमीटर बाहेर आहे ते; आकडा जितका कमी, तितके चाक बाहेर येते) आणि टायर २१५/४५ (मिलिमीटरमध्ये रुंदी आणि तिच्या किती टक्के भिंतीची उंची). नवे चाक १७ × ९, ऑफसेट ३५ आणि टायर २४५/४०. नुसती रिम पाहिली तर तिची बाहेरची कड ३८ मिलिमीटर बाहेर येते आणि आतली १२ मिलिमीटर आत जाते, आणि हे आकडे वाचून माणूस घाबरतो. परंतु फेंडरला रिम घासत नाही, टायरची भिंत घासते. मूळ टायर आपल्या अरुंद रिमच्या दोन्ही बाजूंनी बराच फुगलेला असतो, तर २४५ चा टायर ९ इंची रिमवर त्या मानाने ताणून, सुमारे २५० मिलिमीटर रुंदीचा बसतो. म्हणून टायरची भिंत प्रत्यक्षात ३० मिलिमीटरच बाहेर येते आणि आत, शॉकअब्सॉर्बरच्या दिशेने, पाचच मिलिमीटर सरकते. दोन अंश निगेटिव्ह कँबर, म्हणजे चाकाला आतल्या बाजूला कल, दिल्यावर टायरचा माथा ११ मिलिमीटर आत झुकतो. तीसमधून फेंडरचे वीस आणि कँबरचे अकरा वजा केले, तर माथ्याशी टायर जवळजवळ मूळच्याच जागी राहतो. टायरच्या एकूण व्यासात फरक अडीच मिलिमीटरचा आहे, तेव्हा स्पीडोमीटरची काळजी करण्याचे कारण नाही.

हा कँबर मी शॉकअब्सॉर्बरच्या वरच्या टोकाशी असलेल्या कँबर प्लेटवर घेतला, खाली शॉकअब्सॉर्बर चाकाच्या हबशी जोडतो त्या कँबर बोल्टवर नाही. बोल्टवर घेतल्यास चाक शॉकअब्सॉर्बरकडे कलते आणि मोजूनमापून मिळवलेली आतली जागा तिथेच खर्च होते. प्लेटवर घेतल्यास चाक आणि शॉकअब्सॉर्बर दोन्ही एकत्र झुकतात.

फेंडर काढणे हे काम एका सकाळचे आहे. बंपर उतरवला, आतले प्लास्टिकचे अस्तर सोडवले आणि १० च्या पान्याने बोल्ट काढत गेलो. त्यांतला एक दार उघडल्याशिवाय दिसत नाही, हे मात्र आधीच माहीत असलेले बरे. खरा वेळ गेला तो नवे बसवण्यात. मूळ फेंडरची दाराशी असलेली फट मी साडेचार मिलिमीटर अशी लिहून ठेवली होती. डावा फेंडर दोन भोके कानशीने लंबगोल केल्यावर तिथवर आला. उजव्याची फट बाहेरून अगदी सरळ दिसत होती, म्हणून निर्धास्तपणे दार उघडले आणि कर्रकन आवाज आला. दार उघडताना त्याची पुढची कड फेंडरच्या आत वळते. पत्र्याची दुमड पातळ असते, फायबरची तिच्या तिप्पट जाड निघाली, आणि दाराच्या कडेचा ज्वारीच्या दाण्याएवढा रंग उडाला. दुमड आतून घासून कमी केली, मग कडेला मास्किंग टेप लावून दार इंचाइंचाने उघडून पाहिले. हे आधी केले असते तर रंगाची बाटली शोधावी लागली नसती. फायबरवर बोल्ट आवळताना मोठे वॉशर घालावेत आणि हात राखून आवळावे. माझ्या एका भोकाभोवती केसासारखी भेग गेलीच.

चाके बसल्यावर स्प्रिंग काढून, जॅकने हब पूर्ण वर उचलून, स्टीअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहिले. दोऱ्याला चाकाचा एक जुना नट बांधून ओळंबा केला आणि फेंडरच्या कडेवरून सोडला: डावीकडे टायर चार मिलिमीटर आत, उजवीकडे सहा. हा फरक फेंडरचा आहे, चाकाचा नाही. अशा फायबरच्या जोडीत दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या येतील अशी अपेक्षा मी तरी आता ठेवत नाही. बंपर आणि फेंडर जुळतात त्या कोपऱ्यात टायर अस्तराला लागत होता, तिथले प्लास्टिक हीट गनने तापवून मागे दाबले. हबचा व्यास ५६.१ आणि चाकाचे मधले भोक ७३.१ असल्याने मध्ये रिंगा घातल्या, नट १२० न्यूटन-मीटरला आवळले आणि ऐंशी किलोमीटरनंतर पुन्हा तपासले.

चालवताना फायद्याबरोबर तोटाही हाताला लागतो. वळणात पुढचे टोक आता बाहेर घसरत नाही, पण ऑफसेट कमी झाल्याने आणि टायर रुंद झाल्याने चाके रस्त्यावरच्या चऱ्या पकडतात आणि हायवेवर स्टीअरिंग सैल धरता येत नाही.

पुण्या-मुंबईच्या मंडळींनी हे जसेच्या तसे करण्यापूर्वी मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाचावे. तिथे कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत.

दोन्ही फेंडर अजून प्रायमरवरच आहेत आणि भेगेवर आतून फायबरचा थर द्यायचा आहे. मागचा पत्रा गाडीच्या अंगाला वेल्ड केलेला असल्याने तिथे हा बोल्टचा खेळ चालणार नाही, म्हणून मागची चाके त्याच रुंदीची पण ४५ ऑफसेटची घेतली आहेत. ती अजून खोक्यातच आहेत, आणि ओळंब्याचा नट त्याच खोक्यावर ठेवला आहे.