जनमत कौल, केळं आणि एव्हरेटची विश्वं

आमच्या फोंड्याच्या घरात एक वेगळा गोवा कितीतरी वर्षं नांदला. बाबा फुलाचे. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे संघप्रदेश. दोन पानं ३४,०२१ मतांनी जिंकली आणि "फूल जिंकलं असतं तर..." या वाक्यावर आमची रात्रीची जेवणं लांबत राहिली. पुढे मला क्वांटमचा, म्हणजे अणू-इलेक्ट्रॉनांच्या जगाच्या भौतिकशास्त्राचा, नाद लागला तेव्हा पहिला प्रश्न हाच पडला: तो गोवा खरंच कुठे असेल का?

ह्यू एव्हरेट हा प्रिन्स्टनचा विद्यार्थी. त्याचा १९५७ चा प्रबंध मला विलक्षण धीट वाटतो, कारण त्याने नवं काही जोडलं नाही, उलट एक नियम काढून टाकला. तोवरची शिकवण अशी की इलेक्ट्रॉन अनेक शक्यतांच्या मिश्र अवस्थेत असतो आणि मोजमाप केलं की त्यातली एकच उरते. एव्हरेटने विचारलं, बाकीच्या जातात कशाला? कणाची लहर काळानुसार कशी बदलते ते सांगणाऱ्या श्रोडिंगरच्या समीकरणात तर तसं कुठेच नाही. सगळ्या शक्यता राहतात. मोजणारा माणूसही त्यांच्यात वाटला जातो आणि प्रत्येक वाट्याला एकच निकाल दिसतो. १९५९ साली तो कोपनहेगनला जाऊन जुन्या शिकवणीचे अध्वर्यू नील्स बोर यांना भेटला. तिथे हे कुणाला पटलं नाही. भौतिकशास्त्रज्ञ ब्राइस डिविट यांनी १९७० मध्ये लेख लिहिला तेव्हा कुठे ही कल्पना सर्वांपुढे आली. १९८२ साली, ५१ व्या वर्षी एव्हरेट गेला. त्याच्याविषयी वाचताना मला दर वेळी गलबलून येतं.

पण त्याच्या सिद्धांतात माणसाच्या निर्णयाला खास जागा नाही. तुम्ही डावीकडे वळलात की उजवीकडे वळलेलं दुसरं विश्व जन्मतं, असं सर्रास सांगतात, ते एव्हरेटचं नव्हे. फाटा फुटतो क्वांटम घटनेपाशी. मतपत्रिकेवरचा शिक्का ही तशी घटना नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलेल्या केळ्यात मात्र त्या घडत असतात. साधारण आकाराच्या केळ्यातले पोटॅशियम-४० चे, म्हणजे किरणोत्सारी पोटॅशियमचे, सुमारे १५ अणू दर सेकंदाला फुटतात. आपल्या शरीरात तर चार हजारांहून जास्त.

मग फुलाचा गोवा? असे अगणित फाटे साचत साचत वेगळ्या निकालाची एखादी शाखाही असेल, असं एव्हरेटला मानणारे म्हणतील. तिच्याशी आपला संबंध मात्र कधीच येणार नाही. मोठ्या वस्तू भोवतालच्या असंख्य कणांशी गुंतत जातात आणि शाखा एकमेकींपासून कायमच्या तुटतात. भौतिकशास्त्रज्ञ डीटर त्से यांनी १९७० मध्ये हे दाखवायला सुरुवात केली. यालाच डीकोहिरन्स म्हणतात. बाबांना हे सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "म्हणजे आहे तर!"

माझं अडतं ते वेगळ्या ठिकाणी. पोटॅशियम-४० चे अणू फुटताना सुमारे ८९ टक्के वेळा कॅल्शियम होतं, उरलेल्या वेळा आर्गॉन. दोन्ही शाखा खरोखर असतील तर ८९ म्हणजे काय? लहरीच्या त्या भागाचं वजन जास्त, असं उत्तर मिळतं. पण त्या वजनाचा माझ्या अपेक्षेशी संबंध का असावा? भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड डॉइच यांनी १९९९ मध्ये, विवेकी माणूस पैज कशी लावेल यावरून तो संबंध सिद्ध करू पाहिला. युक्तिवाद देखणा आहे, तरी मला पटत नाही. माणूस जन्मण्याच्या कितीतरी आधीपासून पोटॅशियम याच प्रमाणात फुटतंय. त्याला आमच्या पैजेशी काय देणंघेणं?