लाल पेशीतला ठिपका

जुलैत आमच्या लॅबमध्ये रात्रपाळीला येणारा प्रत्येक ताप आधी डेंग्यू असतो, मग मलेरिया, मग लेप्टो. ठाण्यात पावसाळ्यात असं धरून चालणं चूकही नाही, बहुतेक वेळा तेच निघतं. त्या रात्री कॅज्युअल्टीतून जांभळ्या टोपीची ट्यूब आली आणि मशीनने पांढऱ्या पेशी २,९०० आणि प्लेटलेट ६८ हजार असे आकडे दाखवले, तेव्हा वॉर्डबॉयसुद्धा म्हणाला, "डेंग्यूच ना?" माणूस तिशीतला, वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात कामाला. दुपारचा डबा खाऊन मशीनवर उभा राहिला, संध्याकाळी हुडहुडी भरली, उलट्या झाल्या. रात्री बायकोने रिक्षात घालून आणलं तेव्हा बीपी नव्वदच्या खाली गेलेलं.

डेंग्यूचं कार्ड निगेटिव्ह, मलेरियाचंही निगेटिव्ह. मला खटकली ती वेळ. डेंग्यूत प्लेटलेट घसरायला सहसा तीन-चार दिवस लागतात. सकाळी धडधाकट कामावर गेलेल्या माणसाच्या प्लेटलेट रात्री एवढ्या खाली कशा?

रक्ताचा थेंब काचेवर पसरून स्लाइड केली. लेशमनचा, म्हणजे रक्तपेशी रंगवायचा रंग दोन मिनिटं नुसता ठेवायचा, मग दुप्पट बफर घालून सात-आठ मिनिटं थांबायचं. बफरचा पीएच ६.८ लागतो. घाईच्या रात्री बरेच जण सरळ नळाचं पाणी ओततात आणि मग पेशींचा रंगच बिघडतो, वर रंगाचा गाळ बसतो. असल्या स्लाइडवरून मलेरिया 'दिसल्याचे' रिपोर्ट गेलेले मी पाहिले आहेत. माझ्या स्लाइडवर मी ते होऊ देत नाही.

ऑइल इमर्शनखाली, म्हणजे तेलाचा थेंब टाकून बघायच्या मोठ्या लेन्सखाली, पहिल्यांदा दिसले ते लाल पेशींमधले ठिपके. एका पेशीत एकच, गोल, गडद जांभळा, कडेच्या बाजूला. मलेरियाची रिंग असती तर निळसर कडं दिसलं असतं. पेशीवर बसलेली प्लेटलेट असती तर भोवती फिकट वलय असतं. गाळ असता तर फोकस हलवल्यावर वेगळ्या पातळीवर गेला असता, पेशींच्या बाहेरही पडलेला दिसला असता. हा ठिपका पेशीच्याच पातळीवर, स्वच्छ कडेचा. हॉवेल-जॉली बॉडी. लाल पेशी तयार होताना अस्थिमज्जेत आपलं केंद्रक टाकून देते, कधी त्याचा कण आत राहून जातो. प्लीहेतल्या, म्हणजे पोटात डावीकडे असणाऱ्या रक्त गाळणाऱ्या अवयवातल्या (इंग्रजीत स्प्लीन), बारीक फटींतून पेशी अंग चोरून बाहेर पडते तेव्हा तो कण तिथेच अडकून गळतो. प्लीहा शाबूत असलेल्या माणसाच्या स्लाइडवर तो सहसा दिसतच नाही. इथे जवळजवळ प्रत्येक फील्डमध्ये एखादा होता.

मग पांढऱ्या पेशी बघितल्या. २,९०० हा आकडा वाचून 'जंतूंचा संसर्ग दिसत नाही' असं म्हणणारे कमी नाहीत. पण मज्जा रोज शंभर अब्जांच्या आसपास न्यूट्रोफिल, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी, बाहेर सोडते, आणि संसर्ग रक्तात उसळला की त्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटतात, ऊतींमध्ये उतरतात, तिथेच संपतात. ट्यूबमध्ये येतात त्या उरलेल्या. या स्लाइडवर अर्ध्याहून जास्त न्यूट्रोफिल कच्च्या होत्या, घोड्याच्या नालेसारखं केंद्रक असलेल्या बँड पेशी. मज्जेतला पक्का साठा संपला होता, म्हणून ती अर्धवट तयार पेशीही पाठवत होती. आत जोरदार संसर्गात दिसणारे दाट दाणे, टॉक्सिक ग्रॅन्यूल्स, पोकळ्या पडलेल्या. आणि एका पोकळीत दोन-दोनच्या जोडीने गोल जंतू.

रक्ताच्या साध्या स्लाइडवर जंतू दिसणं फार दुर्मीळ. त्यासाठी रक्तात त्यांची संख्या अफाट व्हावी लागते. म्हणून रंग गाळून घेतला, नव्या काचेवर दुसरी स्लाइड केली. तिथेही जोड्या होत्याच.

आरएमओंना, म्हणजे ड्यूटीवरच्या डॉक्टरांना, फोन लावला. "डॉक्टर, पेशंटच्या पोटावर जुने टाके आहेत का बघता?"

"ताई, इथे बीपी लागत नाहीये आणि तुम्ही टाके विचारताय!"

"स्लाइडवर स्प्लीन नसल्याची खूण आहे. न्यूट्रोफिलमध्ये डिप्लोकॉकाय दिसतायत."

पलीकडे क्षणभर शांतता, मग पावलांचा आवाज. पोटावर मधोमध उभा व्रण होता. बायकोने सांगितलं, सहा वर्षांपूर्वी घोडबंदर रोडवर बाइक घसरली, पोटात रक्तस्राव झाला, ऑपरेशन केलं. काय काढलं ते तिला ठाऊक नव्हतं. हे डॉक्टर पोरसवदा, पण त्यांना मी मानते. आकड्याला कवटाळून बसले नाहीत. रक्तातले जंतू वाढवून ओळखायच्या ब्लड कल्चरच्या बाटल्या भरून घेतल्या आणि लगेच सेफ्ट्रिॲक्सोन आणि व्हॅन्कोमायसिन ही अँटिबायोटिक्स सुरू केली.

माझा संशय न्यूमोकॉकसवर होता, न्यूमोनिया करणारा जोडीतला जंतू. त्याच्याभोवती साखरेच्या रेणूंचं आवरण असतं. साबण लावलेल्या अंगासारखं ते निसटतं, न्यूट्रोफिलला पकडच मिळत नाही. अँटिबॉडी आणि रक्तातली कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं त्यावर बसली की पकड मिळते, आणि असे खूण झालेले बरेचसे जंतू यकृतही गाळून घेतं. खूण न झालेल्या जंतूंसाठी मात्र प्लीहाच लागते. तिथे रक्त संथ वाहतं, भक्षक पेशींना वेळ मिळतो, आणि तिथल्या खास बी-पेशी या आवरणाविरुद्ध झटपट आयजीएम अँटिबॉडी तयार करतात. प्लीहा गेली की रोजची सर्दी, जखमा, पोटाचे विकार शरीर पूर्वीसारखंच निभावतं, त्यामुळे माणसाला वर्षानुवर्षं काही जाणवत नाही. आवरणवाला जंतू रक्तात शिरला की मात्र काही तासांत खेळ आटोपू शकतो. अमेरिकेतल्या किंग आणि शूमॅकर या सर्जननी प्लीहा काढलेल्या बाळांमधले असे संसर्ग १९५२ मध्ये नोंदवले. माहिती जुनी आहे, उपायही आहे. न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिमोफिलस इन्फ्लुएंझा बी यांच्या लशी. तातडीचं ऑपरेशन झालं असेल तर साधारण दोन आठवड्यांनी त्या देतात.

सकाळी बाटली पॉझिटिव्ह झाली. त्यातून ब्लड अगारवर, म्हणजे जंतू वाढवायच्या रक्त घातलेल्या थरावर, दुसऱ्या दिवशी हिरवट कडेच्या वसाहती आल्या, न्यूमोकॉकसची वाढ रोखणाऱ्या ऑप्टोचिनच्या चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ. न्यूमोकॉकसच.

दुपारी बायको जुनी फाइल घेऊन आली. अपघाताच्या डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत 'स्प्लेनेक्टमी', म्हणजे प्लीहा काढली, असं लिहिलेलं, लशींबद्दल एक अक्षर नाही. त्यामागे कारखान्याच्या वार्षिक तपासणीचे सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचे, रिपोर्ट, निरनिराळ्या लॅबचे. प्रत्येकावर छापलेलं, 'लाल पेशी आकाराने व रंगाने सामान्य'. मला तिथे बसवेना. हे ठिपके त्या प्रत्येक वर्षी त्याच्या रक्तात होते. कुणी एकाने काच मायक्रोस्कोपखाली धरली असती तर एका मिनिटात दिसले असते. ते वाक्य सॉफ्टवेअरमधून आपोआप छापलं जातं. स्वस्तातल्या पॅकेजमध्ये स्लाइड बघायला माणूस ठेवत नाहीत, तरी बघितल्यासारखं लिहून मात्र देतात. न बघता 'सामान्य' लिहिणं हे खोटं आहे, आणि आमच्या धंद्यात ते सर्रास चालतं. एकीकडे 'इम्युनिटी वाढवणाऱ्या' काढ्यावर लोक हजारो रुपये घालवतात, आणि ज्याला खरोखर लस हवी होती त्याला ती आहे हे सांगणारं कुणी भेटलं नाही. लहान मुलांना न्यूमोकॉकसची लस सरकारी कार्यक्रमात मिळते. त्याच्यासारख्या मोठ्या माणसाला ती सुचवावी लागते.

तो वाचला. डाव्या पायाची दोन बोटं काळी पडली होती, ती काढावी लागली. घरी जाण्याआधी बायको लॅबच्या खिडकीशी आली. "ताई, परत ताप आला तर?" तिला सांगितलं, डॉक्टरांनी लिहून दिलेली अँटिबायोटिकची गोळी घरात कायम ठेवा, ताप चढला की पहिली गोळी देऊन सरळ कॅज्युअल्टी गाठा, वाट बघू नका. प्लीहा नसल्याचं मराठीत आणि इंग्रजीत लिहिलेलं कार्ड त्याच्या पाकिटात ठेवायला दिलं. लशी फॉलोअपला सुरू झाल्या.

आमच्या रिपोर्टमध्येही ते आपोआप छापलं जाणारं वाक्य आहे. स्लाइड बघितली नसेल तर ती ओळ कोरी राहावी, असा अर्ज मी इन-चार्जना दिला आहे. सॉफ्टवेअरवाल्याला कळवलंय, असं ते म्हणतात. तोवर रात्रपाळीत प्लेटलेट कमी आलेल्या प्रत्येक ट्यूबची काच मी स्वतः बघते आणि मगच सही करते.